वाळूने नक्षी काढणारा लंबक कसा बनवावा

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात हा लंबक हमखास गर्दी खेचतो, पण एका अटीवर: दोन दोऱ्या एकत्र धरणारा स्टॉपर सरकवून नक्षी बदलायचं काम बघणाऱ्याकडेच द्यायचं. भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक ओपनहायमर यांनी १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केलेलं एक्सप्लोरेटोरियम हे विज्ञान संग्रहालय याच पद्धतीसाठी ओळखलं जातं. तिथे बघणारा स्वतः हाताने बदल करून पाहतो.

आधी सांगाडा. सव्वादोन मीटर उंचीचा, दोन्ही बाजूंना तिरके आधार ठोकलेला. तो हलला तर लंबकाचा जोर सांगाड्यातच जिरतो आणि नक्षी दोन मिनिटांत आटपते. वरच्या आडव्या दांडीला ६० सेंमी अंतरावर दोन हुक लावा. दोन्ही हुकांवरून एकेक दोरी खाली आणून जर्किनच्या नाडीला असतो तसल्या स्प्रिंगच्या स्टॉपरमधून ओवा, म्हणजे इंग्रजी वाय अक्षराचा आकार होईल. दोरी विणीची घ्या. पिळाची दोरी उलगडते आणि बाटली गरगर फिरते.

खाली एक लिटरची बाटली, बूड कापून उलटी टांगलेली. बुचाला ४ मिमीचं भोक पाडा. मानेभोवती ३००-४०० ग्रॅमचे वॉशर घट्ट बांधा. हे वजन नसेल तर वाळू संपत जाते तशी हलकी बाटली लवकर थांबते. बाटलीत थोडी वाळू भरून ती बोटावर आडवी तोला आणि जिथे तोल साधेल तिथे खूण करा. सगळी मापं या खुणेपर्यंतची.

दांडीला समांतर झोका फक्त स्टॉपरपासून खाली बसतो. काटकोनात मात्र दांडीपासूनची पूर्ण लांबी झुलते. झोक्याचा काळ लांबीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. पूर्ण लांबी १८० आणि स्टॉपरखाली ८० सेंमी ठेवली, तर लांबींचं गुणोत्तर ९:४ आणि झोक्यांचं ३:२. स्टॉपरखाली ४५ सेंमी ठेवलं तर २:१. स्टॉपर सरकवला की बाटली सेंमीभर वरखाली होते, म्हणून भोक आणि ट्रे यांत ३ सेंमी अंतर राखा. ट्रे मीटरभर लांबरुंद, काळा, ५ सेंमी काठाचा.

खरी गंमत मात्र माप किंचित चुकवण्यात आहे. गुणोत्तर अगदी नेमकं जुळलं की रेघ त्याच वाटेवरून फिरत जाड होत जाते. ८०च्या जागी ८१ सेंमी ठेवा, नक्षी हळूहळू सरकत जाळी विणते. सोडताना बाटली ट्रेच्या कोपऱ्याकडे ३० सेंमी ओढा आणि बाजूला हलका धक्का द्या. नुसती सोडली तर ती गेली त्याच वाटेने परत येते.

वाळू बारीक चाळणीतून काढून उन्हात खडखडीत वाळवलेली हवी. पांढरी, भरड रांगोळीही छान वाहते. रंगीत पिठूळ रांगोळी भोकात बसते आणि मीठ पावसाळ्यात ओलसर होतं. अर्धा किलो वाळू साधारण चार मिनिटं पुरते. बाटलीतली पातळी उतरली तरी धार पाण्यासारखी मंदावत नाही, त्यामुळे रेघेची जाडी फक्त वेगावर ठरते: झोका जिथे वळतो तिथे ढीग, मध्यभागी बारीक रेघ.

धार मध्येच तुटली तर बहुतेक वेळा भोकात केस किंवा धागा अडकलेला असतो. म्हणून ट्रेमधली वाळू परत भरताना दर वेळी चाळून घ्या.