मीठा बहाराच्या तोडणीत हातगाड्याला अवजारांची बॅटरी जोडताना

पुरंदर तालुक्यात मीठा बहाराच्या अंजिरांची तोडणी मार्च ते मे या काळात चालते. ड्रिल, छाटणीची कात्री किंवा गवत कापण्याचे यंत्र यांच्यासाठी घेतलेल्या १८ व्होल्टच्या बॅटऱ्या पुष्कळ शेतकऱ्यांच्या घरी आता असतातच. त्याच बॅटऱ्यांवर बागेतून रस्त्यापर्यंत क्रेट वाहणारा, मोटर बसवलेला गाडा चालवता येतो आणि आमच्या मते थोड्या अंतरासाठी ही सोय चांगली आहे. मात्र जोडणीपूर्वी पुढील बाबी समजून घ्याव्यात.

अशा बॅटरीत प्रत्येकी ३.६ व्होल्टचे ५ लिथियम सेल एकापुढे एक जोडलेले असतात आणि पूर्ण चार्ज झाल्यावर त्यांचा एकूण दाब २१ व्होल्ट होतो. त्यामुळे १८, २० आणि २१ व्होल्ट असे निरनिराळे आकडे छापलेल्या बॅटऱ्या बहुधा एकाच जातीच्या असतात. स्वस्त बॅटरीवर ४८ किंवा ८८ असा आकडा दिसला, तर पुण्याच्या तापकीर गल्लीत मिळणाऱ्या साध्या मल्टिमीटरने दाब मोजून पाहावा. तो २१ च्या आसपासच भरला, तर छापील आकड्यावर विसंबून कंट्रोलर (बॅटरीतून मोटरला जाणारी वीज नियंत्रित करणारा भाग) घेऊ नये.

गाड्याला किती शक्ती लागेल, हे ताणकाट्याने (हुकाला ओढून वजन दाखवणाऱ्या स्प्रिंगच्या काट्याने) घरच्या घरी काढता येते. भरलेल्या गाड्याला काटा अडकवून तो सावकाश, एकसारखा ओढावा आणि काट्यावर जितके किलो दिसतील त्यांना १६ ने गुणावे. ताशी ४ किलोमीटर वेगासाठी बॅटरीतून साधारण तितके वॅट खर्च होतात. गाडा आणि माल मिळून २१० किलो वजन असेल, तर घट्ट पायवाटेवर सुमारे ७ किलो, म्हणजे ११२ वॅट पुरतात, पण भुसभुशीत जमिनीत तोच काटा २१ किलोवर जातो आणि खर्च ३३६ वॅटवर पोहोचतो. ५ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्यांत मिळून १८० वॅट-तास ऊर्जा असते. त्यातील पाचवा हिस्सा शिल्लक ठेवला, तर पायवाटेवर सव्वा तास आणि मऊ मातीत जेमतेम २५ मिनिटे गाडा चालेल. दहा फुटांना एक फूट असा चढ आला, तर आणखी २१ किलो ओढ वाढते, म्हणून पुरंदरच्या उताराच्या बागांत ३५० वॅटच्या मोटरवर भिस्त न ठेवता चढावर माल निम्मा करावा.

सर्वांत महत्त्वाची बाब संरक्षणाची आहे. बॅटरी फार उतरू लागली की प्रवाह तोडण्याचे काम अनेक कंपन्यांच्या मालात बॅटरी करत नाही, ते अवजार करते; अडॅप्टर (बॅटरी बसवून तिच्या वायरी बाहेर काढणारी खाच) लावून तीच बॅटरी गाड्याला जोडली की हा पहारा निघून जातो आणि सेल कायमचे खराब होतात. एका बॅटरीसाठी १५ व्होल्टला प्रवाह तोडणारे सर्किट बसवावे. दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून ३६ व्होल्टची मोटर चालवताना कंट्रोलर साधारण ३१ व्होल्टला थांबतो, पण त्याला फक्त बेरीज दिसते: एक बॅटरी १८ वर आणि दुसरी १३ वर असली, तरी बेरीज ३१ च होते आणि दुसरी बॅटरी त्याआधीच मेलेली असते. म्हणून जोडीतल्या बॅटऱ्या एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या आणि एकाच वयाच्या असाव्यात, आणि शक्य असल्यास प्रत्येकीला स्वतंत्र सर्किट द्यावे. बॅटऱ्या समांतर (धन टोकाला धन आणि ऋण टोकाला ऋण) जोडणे टाळावे, कारण भरलेली बॅटरी उतरलेलीत एकदम मोठा प्रवाह ढकलते. त्याऐवजी दुसरी जोडी चार्ज करून बांधावर सावलीत ठेवणे अधिक सुरक्षित आहे. फ्यूज मात्र कोणत्याही जोडणीत हवाच, आणि तो मोटरजवळ न लावता बॅटरीच्या अगदी जवळ लावावा. वायर मध्येच घासून शॉर्ट झाली, तर तोच आग टाळतो.

एप्रिल-मेमध्ये पाऱ्याने चाळिशी गाठली की पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून अधिक उष्णता असते, आणि लिथियम बॅटरी ४५ अंशांपुढे चार्ज करू नये. त्यामुळे तोडणी व वाहतूक पहाटे उरकावी, कामावरून आलेली बॅटरी अर्धा तास सावलीत निवू द्यावी आणि रात्री जेवणानंतर, घरातील माणसे जागी असताना, कडबा व गवतापासून दूर फरशीवर चार्जिंगला लावावी. फुगलेली, आपटलेली किंवा भिजलेली बॅटरी पुन्हा वापरू नये.

वळवाच्या सरी सुरू होण्यापूर्वी अडॅप्टर व कंट्रोलर झाकणाच्या डब्यात घ्यावेत आणि वायर खालच्या बाजूने आत न्यावी, म्हणजे पाणी वायरीवरून आत उतरणार नाही. बहार संपल्यावर बॅटऱ्या गाड्यातून काढून, निम्म्या चार्ज अवस्थेत, घरातील थंड कोरड्या जागी ठेवाव्यात.