टॅबवर टिक हिरवी, पेपरात जागा कोरी: ॲपवर शिकवताना या चुका टाळा

झेडपीच्या शाळेत टॅब आले, स्मार्ट टीव्ही आला, बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की सरकारच्या दीक्षा ॲपवर व्हिडिओ उघडते, घरी बापाच्या मोबाईलमध्ये अजून दोन-तीन ॲप असतातच. तरी पालकांची तक्रार एकच, "सर, पोट्टं पाहते तवा सगळं समजलं म्हणते, अन् पेपरात काहीच लिवत नाही." मेंदू कसा शिकतो याबद्दल आता जे पक्कं माहीत आहे तेवढं जरी समजून घेतलं तरी यातल्या बऱ्याच भानगडी सुटतात. आणि मेंदूच्याच नावावर आपल्याला टोप्या घालणारेही लय फिरून राहिले, त्यांचंही पुढं सांगतो.

पाहिलं म्हणजे आलं, असं समजणं

सगळ्यात मोठी गडबड हीच. व्हिडिओ चालू असतो तेव्हा आकृती समोर, आवाज कानात, सगळं ओळखीचं वाटते, आणि ओळखीचं वाटलं की पोराला खरंच वाटते की आपल्याला येते. तो खोटं बोलत नाही. पण पेपरात समोर काहीच नसते, तिथं आतून आठवून काढावं लागते आणि त्याची प्रॅक्टिस त्यानं कधी केलेलीच नसते.

२००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत कॉलेजच्या पोरांवर हे तपासलं. काहींना उतारा पुन्हा वाचायला दिला, काहींना न पाहता आठवून लिहायला लावलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे, ८१ टक्के विरुद्ध ७५. पण आठवड्यानं विचारलं तेव्हा उलटं झालं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं आणि वाचणाऱ्यांना ४२. म्हणजे आठवणं ही नुसती परीक्षा नाही, आठवता आठवताच ती गोष्ट पक्की होते.

म्हणून व्हिडिओ पूर्ण लावूच नका. तीन-चार मिनिटं झाली की थांबवा, टॅब पालथा ठेवायला सांगा, आणि आत्ता काय पाहिलं ते वहीत लिहा, आकृती काढा. चुकलं तर तिथंच दुरुस्त करा, चूक तशीच सोडली तर तीच पक्की होईल. पोरं म्हणतील कठीण जाते. जाऊ द्या ना, कठीण जाते तेच तर काम आहे.

ॲपचा रिपोर्ट खरा मानणं

व्हिडिओ संपल्या संपल्या पाच प्रश्न येतात, पाचही बरोबर, हिरवी टिक, पालक खूश. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की नवीन पाठ केलेलं सगळ्यात जास्त पहिल्या काही तासांत गळते. त्यामुळे लगेच घेतलेल्या क्विझचे मार्क म्हणजे अजून हातात काय आहे तेवढंच, उद्या काय राहील ते नाही. तोच प्रश्न तीन दिवसांनी विचारा, मग आठवड्यानं, आणि बाजारच्या दिवशी मध्येच अचानक विचारा.

चार ऑप्शनमध्ये डोळे मिटून दाबलं तरी चारात एक बरोबर येतेच राजेहो. पोरगं भराभर दाबत असेल तर दोघांना एक टॅब द्या: एकानं प्रश्न वाचायचा पण ऑप्शन झाकून ठेवायचे, दुसऱ्यानं आधी तोंडी उत्तर द्यायचं, मगच दाबायचं.

एकाच मिनिटात सगळं ओतणं

आपण एका वेळी डोक्यात धरून ठेवू शकतो त्या गोष्टी साधारण चारच, मानसशास्त्रज्ञ कोवान यांनी २००१ मध्ये मांडलेला हा आकडा आहे. आता मेळघाटात घरी कोरकू बोलणारं किंवा गडचिरोलीत गोंडी, माडिया बोलणारं पोरगं घ्या, त्याला पुस्तकी मराठीच नवीन, त्यात व्हिडिओतली बाई एका दमात प्रकाशसंश्लेषण, हरितद्रव्य, पर्णरंध्र म्हणून मोकळी होते. त्याची सगळी जागा शब्दांतच भरली, विषय कुठं ठेवणार? आधी ते तीन शब्द फळ्यावर लिहा, पऱ्हाटीचं (कापसाचं) एक पान तोडून हातात द्या, त्याच्या भाषेत त्याला काय म्हणतात ते त्यालाच विचारा, आणि मग व्हिडिओ लावा.

मेंदूचं नाव ऐकलं की पैसे काढणं

तालुक्याला मिडब्रेन ॲक्टिव्हेशनचे, म्हणजे मध्यमेंदू चालू करून देतो म्हणणारे, क्लास निघतात, डोळ्याला पट्टी बांधून पोरगं वाचून दाखवते. ते नाकाजवळच्या फटीतून पाहते, बाकी काही नाही. पुस्तक त्याच्या पाठीमागं धरा, वाचणं बंद. खरा मध्यमेंदू डोळ्यांच्या हालचाली, आवाजाकडं वळणं असली कामं आधीपासूनच करून राहिला, त्याला फी भरून चालू करावं लागत नाही. 'याचा डावा मेंदू जास्त चालते, त्याचा उजवा' हेही तसंच, २०१३ मध्ये हजारावर लोकांचे स्कॅन पाहिले, असे दोन प्रकारचे लोक सापडले नाहीत. 'हा बघून शिकणारा, तो ऐकून शिकणारा' यालाही २००८ च्या आढाव्यात नीट पुरावा मिळाला नाही, तरी ॲपवाले अजून त्याची टेस्ट विकतात. आणि ब्रोशरवर मेंदूच्या गोष्टी छापल्या की आपण लवकर भुलतो. समजावण्यात मेंदूची बिनकामाची वाक्यं टाकली तरी ते लोकांना जास्त पटते, हेही २००८ मध्येच तपासून झालं.

ॲपमधल्या कॉइनचं थोडक्यात. डोपामीन हे बक्षिसाची खबर देणारं मेंदूतलं रसायन, त्याच्या पेशी अनपेक्षित बक्षिसाला जोरात उठतात, ठरलेलं ठरल्यासारखं मिळालं की फारशा हलत नाहीत. म्हणून दर उत्तराला कॉइन असेल तर चार दिवसांत त्याची मजा जाते, आणि पोरगं कॉइन मोजत बसते, गणित बाजूला.

रात्रीचा मोबाईल

मोबाईल दिवसा बापासोबत वावरात असतो, पोराला भेटतो रात्री नऊनंतर. इथं ओरडून फायदा नाही, अडचण खरी आहे. पण दिवसभराचं शिकलेलं झोपेतच घट्ट बसते, झोप कापून व्हिडिओ पाहणं म्हणजे तोट्याचाच सौदा. व्हिडिओ शाळेतच उरकून घ्या. रात्री चुलीपाशी आईनं किंवा मोठ्या बहिणीनं नुसतं विचारायचं, आज काय शिकला, सांग. मोबाईल लागत नाही, आईला वाचता येत नसलं तरी चालते.

उन्हाळ्याचंही लक्षात असू द्या. आपल्याकडं विदर्भात गरमीमुळं शाळा जूनच्या शेवटी उघडतात, मधल्या काळात बरंच निसटून गेलेलं असते. पहिल्या आठवड्यात नवीन धड्याचा व्हिडिओ लावू नका, मागच्या वर्गाचे पाच प्रश्न रोज फळ्यावर लिहा, पुस्तक न उघडता सोडवू द्या. तोवर टॅब चार्जिंगला लावून ठेवा, सुट्टीत त्यांच्याही बॅटऱ्या बसलेल्या असतात.