निफ्टीच्या चढउतारावर ट्रेड कसा करावा

बजेट किंवा निवडणुकीचा निकाल जवळ आला की जो तो विचारतो, बाजार वर जाणार की खाली? हे सांगता येत नसलं तरी बाजार किती हलेल याबद्दल तुमचं मत असू शकतं, आणि ऑप्शनमध्ये (ठरलेल्या भावाने खरेदी किंवा विक्री करण्याचा हक्क) त्या मतावर ट्रेड करता येतो. पण आधी हे वाचा: सेबीच्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर आणि ऑप्शन) करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. मुलांच्या फीचे पैसे इथे आणू नका, कर्ज काढून तर नाहीच नाही.

१. विक्स बघा

एनएसई या शेअर बाजाराचा इंडिया विक्स हा निर्देशांक निफ्टी ऑप्शनच्या भावांवरून काढतात. पुढच्या ३० दिवसांत किती हालचाल अपेक्षित आहे, हे तो वार्षिक टक्क्यांत सांगतो. त्याला १६ ने भागा, कारण वर्षात ट्रेडिंगचे दिवस साधारण २५२ आणि त्याचं वर्गमूळ जवळपास १६. म्हणजे विक्स १६ असेल तर बाजाराने दिवसाला साधारण १ टक्का हालचाल धरली आहे. निफ्टी महिनाभर याच्या निम्म्यानेच हलत असेल आणि पुढे मोठी घटनाही नसेल, तर प्रीमियम, म्हणजे ऑप्शनची किंमत, महाग आहे.

२. मोठी हालचाल वाटत असेल तर स्ट्रॅडल

समजा निफ्टी २४,०००, विक्स १६, एक्स्पायरीला (ऑप्शनची मुदत संपायला) ३० दिवस. २४,००० चा कॉल (निफ्टी वर गेला तर फायद्याचा) आणि पुट (खाली गेला तर फायद्याचा) दोन्ही घेतले, म्हणजेच स्ट्रॅडल घेतला, तर मिळून साधारण ८८० पॉइंट पडतील. ते गुणिले लॉट (एका सौद्यातली ठरलेली संख्या), एवढे पैसे जातात. एक्स्पायरीपर्यंत थांबलात तर निफ्टी २३,१२० च्या खाली किंवा २४,८८० च्या वर गेला तरच नफा.

मधल्या काळात दोन गोष्टी प्रीमियम खातात. एक म्हणजे वेळ: सुरुवातीला रोज साधारण १५ पॉइंट, एक्स्पायरी जवळ येईल तसे जास्त. दुसरी म्हणजे विक्स. तो १ ने उतरला की या स्ट्रॅडलचे साधारण ५५ पॉइंट जातात. ४ जून २०२४ ला, लोकसभा निकालाच्या दिवशी, निफ्टी जवळपास ६ टक्के कोसळला आणि विक्स दिवसभरात ३० च्या वर गेला. दुसऱ्याच दिवशी निफ्टी ३ टक्क्यांहून जास्त सावरला आणि विक्स २० च्या खाली आला. घबराटीत चढ्या भावाने प्रीमियम घेणारे इथेच अडकतात. हालचाल बरोबर ओळखूनही पैसे जातात, आणि नवख्या माणसाला ते का गेले हेच कळत नाही. म्हणून घ्यायचंच तर घटनेच्या बरंच आधी, विक्स शांत असताना घ्या.

३. वेळेची झीज भरून काढायला फ्युचर

याच भावाचे ५ स्ट्रॅडल घेतले आणि निफ्टी ३०० पॉइंट वर गेला, तर कॉल पुटपेक्षा जास्त वेगाने हलू लागतात आणि तुमची पोझिशन नकळत साधारण एक लॉट फ्युचर (पुढच्या तारखेचा खरेदी-विक्रीचा करार, निफ्टीबरोबर पॉइंटला पॉइंट हलणारा) विकत घेतल्यासारखी होते. तेव्हा १ लॉट फ्युचर विका. निफ्टी परत २४,००० ला आला की ते सोडवा: ३०० पॉइंट हातात. पाच स्ट्रॅडलची रोजची झीज ७५ पॉइंटच्या आसपास, म्हणजे चार दिवसांची झीज भरून निघाली. निफ्टी माघारी न येता वरच जात राहिला तर फ्युचरमध्ये तोटा दिसेल, पण तुमचे कॉल त्याहून जास्त कमावत असतात. घाबरून कॉल आधी विकू नका.

या कामाला भांडवल आणि रोजचं लक्ष दोन्ही लागतं. नोकरी सांभाळून हे जमेल असं मला वाटत नाही.

४. प्रीमियम महाग वाटला तर

स्ट्रॅडल उघडा, म्हणजे बचावाचे ऑप्शन न घेता, विकू नका. रात्रीत काही घडलं आणि बाजार गॅपने (आदल्या भावापासून एकदम दूर) उघडला तर स्टॉप लॉस (तोटा थांबवणारी ऑर्डर) तुमच्या भावाला लागत नाही. त्यापेक्षा आयर्न कॉन्डॉर करा, म्हणजे विकलेल्या ऑप्शनच्या बाहेर बचावाचे ऑप्शन घ्या: २४,९०० चा कॉल आणि २३,१०० चा पुट विका, २५,२०० चा कॉल आणि २२,८०० चा पुट विकत घ्या. जास्तीत जास्त तोटा ३०० पॉइंट वजा मिळालेला प्रीमियम, अधिक ब्रोकरेज आणि कर. ऑर्डर टाकताना खरेदीचे ऑप्शन आधी घ्या, म्हणजे मार्जिन (ब्रोकरकडे ठेवायची अनामत) कमी लागतं. बाहेर पडताना उलट: विकलेले आधी सोडवा, मगच बाहेरचे विका.