एमएला विद्यापीठात येताय? नोट्स शोधू नका

तालुक्याच्या कॉलेजातून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात एमएला येणाऱ्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात: हॉस्टेल मिळेल का, आणि नोट्स कुठे मिळतील? हॉस्टेलसाठी यादीवर लक्ष ठेवा. नोट्स मात्र शोधूच नका. बीएला गाईडवर निभावून जातं. इथे अंतर्गत मूल्यमापनाचं वजन मोठं, आणि त्यात प्रेझेंटेशन, निबंध, पुस्तक परीक्षण असं स्वतः वाचल्याशिवाय न जमणारं काम येतं.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार एमए 88 श्रेयांकांचं (क्रेडिट्सचं) आहे, सेमिस्टरला 22. संशोधन पद्धतीचा पेपर पहिल्याच सेमिस्टरला येतो. बरेच जण तो कोरडा म्हणून ढकलतात. माझ्या मते सगळ्यात आधी तोच हातात घ्यावा. प्रश्न कसा मांडायचा हे कळलं की बाकीचे पेपर सोपे जातात.

जयकर ग्रंथालयाचं कार्ड पहिल्याच आठवड्यात काढा. अभ्यासिकेत जागा धरून एमपीएससी करणारे खूप दिसतील. त्यांच्या घरची ओढाताण मी जवळून पाहिली आहे, त्यांना नावं ठेवणार नाही. पण तुम्ही पुस्तकांच्या कपाटांपर्यंतही जा. एक पुस्तक शोधताना शेजारची चार हाताला लागतात, आणि माझ्या प्रकल्पाचा विषय असाच सापडला.

मराठी माध्यमातून आलेल्यांची खरी अडचण इंग्रजी वाचनाची. हुशार मुली वर्गात वर्षभर गप्प बसलेल्या पाहिल्यात, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. आम्ही चौघांनी गट केला: लेखाचे भाग वाटून घ्यायचे, संध्याकाळी कँटीनमध्ये एकमेकांना मराठीत समजावून सांगायचे. अडलेल्या संज्ञांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहेत. प्रश्न मराठीत विचारा, बहुतेक सर-मॅडम मराठीतच उत्तर देतात. प्रत्येक विभागाने पहिल्या महिन्यात शैक्षणिक इंग्रजीचा वर्ग घ्यावा, असं मला फार वाटतं.

दुसरी मागणी शिकवण्यावरच्या विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाची. बहुतेक ठिकाणी तो सेमिस्टर संपताना घेतात. म्हणजे सुधारणा झालीच तर पुढच्या बॅचला. आमच्या वर्गाने एका मॅडमना सेमिस्टरच्या मध्यावरच एक पानभर लिहून दिलं: वाचायचे लेख आठवडाभर आधी मिळावेत, आणि तपासलेल्या निबंधावर दोन ओळी लिहाव्यात. मॅडमनी दोन्ही मान्य केलं. तक्रारीच्या सुरात न लिहिता नेमकं काय हवं ते लिहिलं, म्हणून जमलं असावं.

गंभीर तक्रार असेल तर तोंडी बोलून थांबू नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2023 च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावीच लागते. तिने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि पुढे विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालांकडे अपील करता येतं. अर्जाची पोच घ्या.

पैशांची चणचण असेल तर विद्यापीठाच्या 'कमवा व शिका' योजनेची सूचना लागताच अर्ज करा. ग्रंथालयातलं किंवा विभागातलं काम मिळालं तर वेळापत्रकात सहज बसतं. शासकीय हॉस्टेल न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी राहण्या-जेवणाच्या खर्चासाठीच्या सरकारी स्वाधार योजनेची माहिती समाजकल्याण कार्यालयात जाऊनच घ्यावी. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला गावाहून निघतानाच सोबत ठेवा, नाहीतर ऐन सेमिस्टरमध्ये तहसीलच्या फेऱ्या होतात.