शतावरी लावताय? जागा विचार करून निवडा

कुंपणालगत काटेरी वेल हवी असेल, तर शतावरीइतकी गुणी वेल मला दुसरी दिसत नाही. तिची सुईसारखी हिरवी पानं म्हणजे खरं तर बदललेल्या फांद्याच. काटे अणकुचीदार असतात, म्हणून जाण्यायेण्याच्या वाटेवर किंवा मुलं खेळतात तिथे ती नको. मागच्या जाळीवर चढवा.

मुळांचा झुपका चांगलाच पसरतो, त्यामुळे कुंडी खोल आणि माती भुसभुशीत हवी. पाणी साचलं की मुळं कुजतात. दीड-दोन वर्षांनी, थंडीत, मुळं काढा. ओली असतानाच साल सोलून मधली दोरीसारखी शीर ओढून काढा. वाळल्यावर ती निघता निघत नाही. कोंबांचा गड्डा थोड्या मुळांसह परत पुरला की वेल पुन्हा फुटते. रानातली वेल मात्र कृपया उपटू नका, रोपवाटिकेत रोपं सहज मिळतात.

चूर्ण दुधातून घेतात, पण गरोदरपणी किंवा इतर औषधं चालू असताना वैद्यांना विचारूनच.

फुलदाणीत निशिगंधासोबत तिच्या नाजूक फांद्या फार शोभतात. कापताना जाड हातमोजे घाला.