दहावी गणिताच्या प्रश्नाला ‘सोपा’, ‘कठीण’ ठरवताना या चुका टाळा

पूर्वपरीक्षेचे दिवस आले की लातूर-नांदेड असो, नाहीतर परभणी-बीड, हायस्कूलमध्ये गणिताचे पेपर निघायला लागतात. पेपर काढणारे सर आधी प्रश्न टाइप करून घेतात आणि संविधान तक्त्यातला (पेपरच्या आराखड्यातला) ‘सोपा, मध्यम, कठीण’ हा रकाना सगळ्यात शेवटी, पेपर छापायला जाता जाता भरतात. मग निकाल लागतो आणि स्टाफरूममध्ये एकच वाक्य ऐकू येतं, “एवढा सोपा पेपर होता, लेकरांनी अभ्यासच केला नाही.” उत्तरपत्रिका उघडून बघा. लेकरांनी अभ्यास केलेला असतो, प्रश्नावरचा शेरा चुकलेला असतो. त्याच त्याच चुका दरवर्षी तपासणीच्या टेबलावर बघून कंटाळा आला, म्हणून लिहायला बसलो.

आकडे बदलले आणि काठिण्य तेच धरलं

ही चूक मला सगळ्यात जास्त सलते, कारण तिचा फटका नीट अभ्यास केलेल्या लेकरांनाच बसतो.

वर्गसमीकरणावरचा नेहमीचा प्रश्न घ्या. एक बस २४० किमी अंतर ठरावीक वेगाने जाते. वेग ताशी ८ किमीने जास्त असता तर एक तास कमी लागला असता. बसचा वेग काढा. समीकरण येतं क्ष² + ८क्ष − १९२० = ०. अवयव ४८ आणि ४०, म्हणून वेग ताशी ४० किमी. चार गुणांचा, ठीकठाक मध्यम प्रश्न.

काही शाळांनी मिळून घेतलेल्या एका पूर्वपरीक्षेत हाच प्रश्न आला होता. गाईडमधलं उत्तर पाठ असेल तर उपयोग होऊ नये, म्हणून पेपर काढणाऱ्यांनी गावांची नावं आपल्या भागातली टाकली आणि २४० चे ३०० केले. बाकी शब्द न् शब्द तोच. तक्त्यात शेरा ‘मध्यम’. कुणीही तो सोडवून बघितला नव्हता, कारण मूळ प्रश्न सगळ्यांच्या ओळखीचा होता.

आता समीकरण झालं क्ष² + ८क्ष − २४०० = ०. २४०० चे असे दोन अवयव शोधा ज्यांच्यात ८ चा फरक आहे. ५० आणि ४८ मध्ये फरक २. ६० आणि ४० मध्ये २०. मधे काहीच नाही. विवेचक ९६६४ येतो, तो पूर्ण वर्ग नाही. उत्तर ४√१५१ − ४, म्हणजे ताशी ४५ किमीपेक्षा थोडं जास्त.

ते गठ्ठे तपासायला माझ्याकडे होते. पानापानावर उजव्या समासात अवयवांच्या जोड्यांची उतरंड: ६० × ४०, ५० × ४८, ८० × ३०, ७५ × ३२, ९६ × २५. एका मुलीने समीकरण अगदी बरोबर मांडलं होतं. अवयव पडेनात म्हणून तिने ते संपूर्ण खोडलं, पुन्हा मांडलं, पुन्हा तेच आलं, पुन्हा खोडलं. तिसऱ्यांदा तिने ८ ची बेरीज सोडून वजाबाकी करून बघितली. बरोबर असलेली गोष्ट तिने स्वतःच्या हाताने चूक ठरवली, कारण वर्षभर आपण तिला असंच शिकवलं की उत्तर सुटसुटीत आलं नाही म्हणजे कुठेतरी चुकलं. पुढच्या पानावर प्रश्न ५ चा नुसता क्रमांक लिहिलेला होता. वेळ संपली होती.

चाळीस गुणांना दोन तास, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. चार गुणांच्या प्रश्नाने वीस मिनिटं खाल्ली तर तो प्रश्न एकटा चार गुण नेत नाही.

माझी सवय सांगतो. मी उत्तर आधी ठरवतो आणि मग मागे येतो. ३०० किमीच हवं असेल तर वेगातला फरक ८ ऐवजी १० घ्या. ३०० गुणिले १० म्हणजे ३०००, ते ६० गुणिले ५० होतात, फरक बरोबर १०. वेग ५०, आधी सहा तास, मग पाच तास. याला अर्धं मिनिट लागतं. सूत्र पद्धतच तपासायची असेल तर तसं प्रश्नात स्पष्ट सांगा आणि तक्त्यात ‘कठीण’ लिहा.

तोंडी सोडवून ‘दोन मिनिटांचा आहे’ म्हणणं

नव्याने लागलेल्या सरांची आणि बाईंची ही हमखास सवय. प्रश्न वाचायचा, मान हलवायची, पुढे जायचं. तुम्ही तो प्रकार शंभरदा फळ्यावर सोडवलेला आहे. लेकराला तो पहिल्यांदा, भीती पोटात घेऊन, पायऱ्यांसकट लिहायचा आहे. मी प्रत्येक प्रश्न कोऱ्या कागदावर पेनाने, पक्ष, साध्य, कारणं आणि आकृती धरून पूर्ण लिहितो आणि जेवढा वेळ लागेल त्याची तिप्पट करतो. तिप्पटच का, याला शास्त्र नाही, अनुभवाने बसलेला आकडा आहे. ज्याला एवढं लिहायचा कंटाळा आहे त्याने पेपर काढायला घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गणित सोपं म्हणून प्रश्न सोपा

अर्थनियोजनाच्या प्रकरणाबाबत ही चूक फार होते. “नुसती टक्केवारी तर आहे,” म्हणून सोपा असा शेरा पडतो. उदाहरण बघा. १०० रुपये दर्शनी किमतीचे १०० शेअर्स २०० रुपये बाजारभावाने घेतले. दलाली ०.३ टक्के, दलालीवर जीएसटी १८ टक्के. एकूण किती रक्कम द्यावी लागेल?

आकडेमोड सातवीची आहे. शेअर्सचे २०,०००, दलाली ६०, त्यावर जीएसटी १० रुपये ८० पैसे. एकूण २०,०७० रुपये ८० पैसे. पण उत्तरपत्रिकेत हमखास काय दिसतं? जीएसटी ३,६००. म्हणजे लेकराने १८ टक्के बरोबर काढले, पण वीस हजारांवर. काहींनी बाजारभाव सोडून दर्शनी किंमतच धरली आणि सगळं गणित दहा हजारांवर केलं. ज्या घरात शेअर हा शब्द कधी निघाला नाही, जिथे बाजारभाव म्हणजे मोंढ्यातला सोयाबीनचा आजचा दर, तिथल्या लेकराला इथे टक्केवारी अडत नाही. ‘कशावर काय’ हे अडतं. हा प्रश्न मध्यमच आहे आणि काही वर्गांत कठीण आहे.

संभाव्यतेतल्या पत्त्यांचंही तेच. ५२ पत्ते, त्यात १२ चित्रयुक्त, हे पत्ते हातात धरलेल्याला दिसतं. कित्येक मुलींनी घरात पत्त्यांना हात लावलेला नसतो. त्यांच्यासाठी तो पाठांतराचा प्रश्न आहे. मी पत्त्यांचा कॅट वर्गात नेऊन टेबलावर मांडतो, राजा-राणी-गुलाम त्यांच्याकडूनच मोजून घेतो, आणि तसं केलं असेल तरच पेपरात त्याला ‘सोपा’ लिहितो.

अडचण गणितात आहे की भाषेत, हे नक्की ठरवायचं म्हणून मी प्रत्येक शाब्दिक प्रश्नातली गोष्ट काढून टाकून नुसतं समीकरण किंवा बेरीज-गुणाकार कागदावर ठेवतो. वर्गातली मधल्या बाकावरची दोन-तीन लेकरं नुसतं समीकरण सोडवतात आणि गोष्टीसकट सोडवत नाहीत, तर अडचण भाषेत आहे हे कळतं. मग भाषा सुधारायची की शेरा बदलायचा, ते ठरवता येतं.

कृती म्हणजे फुकटचे गुण, हा समज

कृतीच्या प्रश्नात अर्धवट सोडवलेल्या गणितातल्या चौकटी भरा म्हटलं की सोपं, असं डोक्यात पक्कं बसलंय. साइन थीटा ७ छेद २५, म्हणजे सात पंचविसांश असेल तर कोसाइन काढा, हा प्रश्न घ्या. पुस्तकात असे प्रश्न नित्यसमानतेने (sin²θ + cos²θ = १) सोडवतात. एखादा मुलगा ७, २४, २५ हे त्रिकुट ओळखतो आणि मनात लगेच २४ पंचविसांश म्हणतो. पण चौकटी नित्यसमानतेच्या वाटेने जातात. त्याला उत्तर माहीत असून मधल्या दोन चौकटी भरता येत नाहीत. कृती सोडवणाऱ्याला गणितही यावं लागतं आणि कृती लिहिणाऱ्याच्या मनातला रस्ताही ओळखावा लागतो. मी कृती काढली की शेजारच्या वर्गाच्या बाईंना देतो, आधी उत्तर न सांगता. त्या अडल्या तर चौकट हलवतो.

थोडक्यात आटपण्यासारख्या काही

गुणांवरून काठिण्य ठरवू नका. प्रश्न ५ तीन गुणांचा असतो, प्रश्न ४ मधला चार गुणांचा, तरी पुष्कळ लेकरं पाचवा आधी सोडून देतात.

वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलीला विचारून शेरा लिहू नका. तिला सगळंच सोपं जातं.

प्रकरण शिकवल्याच्या आठवड्यात चाचणी घेतली आणि सगळ्यांना आलं, म्हणून फेब्रुवारीत ते सोपं राहत नाही.

भूमितीत आकृती दिलेली आणि आकृती काढायला लावलेली, हे दोन वेगळे प्रश्न धरा.

मोबाइलवर फिरणारे तयार पेपर शेऱ्यांसकट उचलू नका. लातूर पॅटर्नचं नाव घेऊन लेकरांवर पेपरांचा मारा करणारे पुष्कळ झालेत. सरावाने लेकरं तयार होतात हे खरं, पण पेपर झाल्यावर कोण कुठे अडलं हे बघायला कुणी बसत नसेल, तर त्या सरावात कागद जातो आणि लेकरांची उमेद जाते.

आकडा काढला, पण वाचला चुकीचा

बीएडला सगळ्यांनी काठिण्य निर्देशांक शिकलेला असतो आणि नंतर सगळे विसरतात. गुणांप्रमाणे उत्तरपत्रिका लावायच्या, वरच्या २७ टक्के आणि खालच्या २७ टक्के घ्यायच्या, दोन्ही गटांतली बरोबर उत्तरं मिळवून दोन्ही गटांच्या एकूण संख्येने भागायचं. निर्देशांक जितका जास्त तितका प्रश्न सोपा, हे उलटं वाचणारे दरवर्षी भेटतात.

साठ उत्तरपत्रिका असतील तर एका गटात १६. समजा एका प्रश्नाला वरच्या गटातले १४ आणि खालच्या गटातले ४ बरोबर आले. १८ भागिले ३२, म्हणजे ०.५६. दुसऱ्या प्रश्नाला वरचे ९, खालचे ९. तोही ०.५६. दोन्ही ‘मध्यम’ म्हणून रजिस्टरला चढतात. पण पहिल्या प्रश्नाची भेदनक्षमता (दोन गटांतला फरक भागिले एका गटाची संख्या) १० भागिले १६, म्हणजे ०.६२ च्या पुढे, आणि दुसऱ्याची शून्य. अभ्यास केलेला आणि न केलेला दोघांनाही तो सारखाच येतो किंवा सारखाच अडतो. असा प्रश्न बहुधा संदिग्ध असतो, पर्यायात घोळ असतो, नाहीतर अंदाजाने सुटतो. त्याला मध्यम म्हणून पुढच्या वर्षी परत वापरू नका, आधी दुरुस्त करा.

ही रीत एका गुणाच्या प्रश्नांना चालते. तीन-चार गुणांच्या प्रश्नांना मिळालेल्या गुणांची सरासरी काढून पूर्ण गुणांनी भागा.

आणि ‘कोणतेही दोन सोडवा’ या प्रश्नांत सरासरी बघून फसू नका. चारपैकी एखाद्या उपप्रश्नाला सरासरी चांगली दिसते, कारण तो सहाच जणांनी सोडवला आणि ते सहाही जण हुशार होते. म्हणून माझ्या रजिस्टरमध्ये अशा प्रश्नांपुढे दोन रकाने आहेत: किती जणांनी हात लावला, आणि हात लावलेल्यांना किती मिळाले. गठ्ठा ऑफिसात जमा करायच्या आधीच हे दोन आकडे टिपून घ्या. एकदा गठ्ठा कपाटात गेला की तो परत कुणी काढून देत नाही.