रास्पबेरी पायला घरचा डबा करताय? या चुका टाळा

नवा रास्पबेरी पाय, म्हणजे एका उघड्या बोर्डावरचा छोटासा संगणक, पहिले काही दिवस टेबलावर उघडाच पडलेला असतो. मग एक दिवस कुणीतरी चहाचा कप त्याला खेटून ठेवतं आणि आपली नजर घरातल्या डब्यांकडे वळते. मिठाईचा खोका, स्टीलचा डबा, वायरिंगचा पीव्हीसी बॉक्स, यातल्या कशातही पाय बसवता येतो. पण डबा कशाचा घ्यायचा हे ठरवण्याआधी तो कुठे बसणार आहे ते ठरवा. मी ते उलट केलं आणि कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एक बोर्ड घालवला.

ओळखीच्या एका मामांचं तिथे लेथचं शॉप आहे. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवायला मी त्यांच्याकडे पाय ४ (चौथ्या पिढीचा बोर्ड) लावला. पीव्हीसी बॉक्सला दोन्ही बाजूंनी भोकं पाडली, झाकणावर पाच व्होल्टचा छोटा पंखा बसवला. घरी पंधरा दिवस चालवून पाहिला होता, अगदी थंड. शॉपमध्ये तिसऱ्या आठवड्यात बंद पडला. मामा म्हणाले, "पंखा तर फिरतोय की, मग ह्याला झालं काय?" पंखा थेट पाच व्होल्टच्या पिनेवर असला की पाय मेला तरी तो फिरतच राहतो, त्यामुळे पंखा फिरतोय म्हणजे सगळं ठीक असं समजू नका.

झाकण काढलं तर बोर्डावर काळसर भुकटीचा थर. बिडाचे जॉब लेथवर लागले की अशी भुकटी उडते. तिच्यात लोखंड असतं, ग्रॅफाइट असतं, आणि दोन्हींतून वीज जाते. पायच्या चाळीस पिना एकमेकींपासून २.५४ मिलिमीटरवर उभ्या. माझा पंखा दिवसभर ती भुकटी त्यांच्यावर आणून टाकत होता. ब्रशने झाडलं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतलं, बोर्ड उठला नाही.

आता तिथे बंद अॅल्युमिनियमचा डबा आहे. भोक नाही, पंखा नाही. प्रोसेसर आणि डब्याची भिंत यांच्यामध्ये थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणारी मऊ पट्टी) दाबून बसवलाय, उष्णता भिंतीतूनच बाहेर जाते. घरात हवा खेळती ठेवणारा डबा चांगला, शॉपमध्ये बंद डबा चांगला. शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत पाय लावणाऱ्यांनी हे आधी बघावं.

धातूच्या डब्याची अडचण वेगळी. स्टीलच्या डब्यात पाय ठेवून झाकण लावलं की वाय-फाय गळपटतं, आणि आपण राउटरला दोष देत बसतो. पाय ४ चा अँटेना बोर्डावरच कोरलेला असतो, यूएसबी पोर्टच्या विरुद्ध टोकाच्या कोपऱ्यात. चार भोकं पाडून लहरींना पुरेशी वाट मिळत नाही. त्या कोपऱ्यासमोरचा पत्रा मोठा कापून तिथे अॅक्रिलिक लावा, नाहीतर सरळ लॅनची केबल जोडा. माझा कौल केबलला.

धातूत बोर्ड नुसता ठेवून देणं ही तर सगळ्यात महागात पडणारी चूक. खालच्या बाजूला सोल्डरची टोकं उघडी असतात, ती पत्र्याला लागली की शॉर्ट. खाली बोर्ड उचलून धरणारे नायलॉनचे स्पेसर हवेतच. पायची भोकं २.७ मिलिमीटरची, त्यांत एम २.५ स्क्रू बसतो. एम ३ हाताशी असतो म्हणून भोक ड्रिलने मोठं करायला जाऊ नका, कडेचे ट्रॅक (बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा) तुटतात. भोकांचं अंतर ५८ बाय ४९ मिलिमीटर, ते कागदावर आखून डब्यावर चिकटवा आणि पंच मारूनच ड्रिल लावा. ड्रिलिंगच्या वेळी बोर्ड दुसऱ्या खोलीत असू दे. भोकांच्या कडा कानशीने घासा आणि वायर जाईल तिथे रबरी ग्रोमेट घाला.

पाय ३ चा डबा पाय ४ ला बसत नाही, कारण लॅन आणि यूएसबीच्या जागा बदलल्या, एचडीएमआयही छोटे झाले. पाय ५ मध्ये लॅन पुन्हा जुन्या बाजूला गेलं. हातात असलेल्या बोर्डावरूनच मापं घ्या. आणि बोर्ड डब्यातून काढण्याआधी एसडी कार्ड काढा. ते कडेच्या बाहेर थोडं डोकावतं, तिरका ओढला की कार्ड मोडतं.

थ्रीडी प्रिंटचा डबा पीएलए या प्लास्टिकचा असेल तर ६० अंशांच्या आसपास तो मऊ पडतो, त्यामुळे चिपला टेकणारा भाग किंवा उन्हातल्या खिडकीतली जागा त्याला नको. मिठाईचा खोका आठवडाभराच्या प्रयोगापुरता ठीक. जुलैत आपल्याकडे तो दमट होऊन बसतो, आणि पुठ्ठा उष्णता आतच धरून ठेवतो.

तापमान झाकण लावून, डबा त्याच्या खऱ्या जागी ठेवून, दुपारी मोजा. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) vcgencmd measure_temp लिहिलं की आकडा दिसतो. अर्धा तास पायला भरपूर काम द्या आणि बघत राहा. पाय ४ असो वा ५, ८० अंशांपासून तो स्वतःचा वेग कमी करू लागतो, ८५ ला जोरात आवळतो. मी ७० च्या वर गेला की डबा बदलतो.

पाय संथ झाला म्हणजे तापलाच असं नाही. पडद्यावर विजेचं चिन्ह दिसत असेल तर व्होल्टेज कमी पडतंय. साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की ते उमटतं. vcgencmd get_throttled लिहून बघा, throttled=0x0 आलं तर सगळं बरं. मोबाईलचा जुना चार्जर आणि लांब बारीक केबल इथे दगा देतात. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर लागतो, पाय ५ ला ५ अँपिअरचा. अशा वेळी डब्याला आणखी भोकं पाडण्याआधी केबल बदला.